भुंगेऱ्याचं बारसं

"किडा धरावा कसा, हे ह्या अख्ख्या काउंटीत एकट्या मला ठाऊक आहे," असं डॉक होबार्ट ट्रिव्हेट म्हणाला, आणि हातातला भुंगेरा सगळ्यांना नीट दिसावा म्हणून त्याने तो उजेडाकडे, म्हणजे स्वतःच्याच नाकासमोर, धरला. खत-बियाण्यांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर नेहमीचे चार रिकामटेकडे बसले होते. त्यांनी माना पुढे केल्या. भुंगेऱ्याने शेपटाकडची बाजू जराशी वर केली, नेम धरला आणि डॉकच्या उजव्या डोळ्यात पिचकारी मारली.

डॉक दुकानाच्या नळाखाली डोकं घालून ओरडत असताना दुकानदार रॉस्कोने पळणाऱ्या भुंगेऱ्यावर कागदी पेला पालथा घातला. मग तो शांतपणे म्हणाला, "नीट धरला नसतास तर काय केलं असतं रे त्याने?"

पुढचा आठवडाभर डॉक डोळ्यावर पट्टी बांधून हिंडला. कुणी विचारलंच तर ती ॲसिडची इजा आहे, असं सांगायचा. ते खरंही होतं. ॲसिड कुणाच्या कुठून आलं, एवढं तो गाळायचा.

डॉक म्हणजे दातांचा डॉक्टर, आणि तोही निवृत्त. टर्की लिकच्या खोऱ्यात चाळीस वर्षं त्याने लोकांच्या दाढा काढल्या, आणि कधी कधी तर दुखणारीच दाढ निघायची. त्याने बसवलेल्या कवळ्या हसताना पुढे यायच्या, शिंकताना बाहेर पडायच्या आणि चर्चमध्ये वरचा सूर लावायच्या वेळी तर गाणारा एकीकडे आणि कवळी दुसरीकडे अशी गत व्हायची. सैल कवळीला आमच्याकडे 'ट्रिव्हेट' म्हणायची पद्धतच पडली होती. आजोबा, तुमची ट्रिव्हेट उशीवर राहिली, असं पोरंसोरंसुद्धा म्हणायची. ह्या खोऱ्यात डॉकच्या नावाने चालणारी तेवढी एकच गोष्ट होती.

आणि त्याचं खरं दुखणं हेच होतं.

कारण बाकी सगळ्याला बर्लचं नाव होतं. बर्ल स्टिल्टनर म्हणजे डॉकच्या बायकोचा, अर्लीनचा, पहिला नवरा. उंचापुरा, कोळशाचा ट्रक चालवायचा, चर्चच्या गायकांत खर्जात गायचा, आणि चर्चच्या छपराची गळती काढायला चढला असताना पडून मेला. शिडी जरा नीट लावली असती तर मेला नसता, असं डॉकचं मत होतं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. डॉक दुकानात जायचा तो बर्ल स्टिल्टनर स्मृती पुलावरून. पोरांचं बेसबॉलचं मैदान बर्लच्या नावाचं. चर्चमागचं स्वयंपाकघर बर्लच्या नावाचं. घरी सणावाराला अर्लीन सुक्या सफरचंदांचा थरांचा केक करायची, त्यालाही 'बर्लचा केक' म्हणायचे, आणि डॉकला तो आवडायचा, हे तर आणखीच वाईट. अर्लीनच्या तोंडून 'बर्ल' हा शब्द निघाला की डॉकचे कान आपोआप बंद व्हायचे. ही युक्ती त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी साधली होती. ह्या युक्तीने पुढे त्याचं काय केलं ते येईलच.

निवृत्त झाल्यावर लोक मासे धरतात. डॉक किडे धरायला लागला. जेवायच्या टेबलावर टाचण्यांनी टोचलेले भुंगेरे, फ्रीजमध्ये लोण्याच्या शेजारी भुंगेरे. दोन जाड पुस्तकं वाचून तो स्वतःला त्यातला शेवटचा शब्द समजायला लागला. पण डोळ्यात पिचकारी मारणारा तो एक काही कुठल्या पुस्तकात बसेना. जांभळट काळा, पाठीवर बारीक रेघा, आणि डोकं लांबुडकं, चिंचोळं, जसं कुणी चिमट्यात धरून ओढलंय. गोगलगाईच्या शंखात थेट तोंड खुपसून आतला ऐवज खायची ती सोय. असले गोगलगाई खाणारे भुंगेरे आमच्या डोंगरांत बरेच आहेत, एकेका डोंगराचा वेगळा. पण हा कुणाच्याच ओळखीचा नव्हता. अर्लीन बर्लच्या कबरीवर झाडलोट करत असताना डॉक नेहमीसारखा कबरस्तानाच्या भिंतीपाशी तोंड फिरवून उभा होता, तेव्हा एका दगडाखाली तो त्याला सापडला होता.

त्याने तो शहरातल्या म्युझियमच्या भुंगेरेवाल्या बाईंना, डॉक्टर फिलिपा ओस्ट्रँडर ह्यांना पाठवला. बाई मोठ्या नावाजलेल्या, आणि फार हळव्या. वाळलेल्या किड्याशीसुद्धा त्या आजारी माणसाशी बोलावं तशा बोलायच्या. त्यांचा फोन आला, की हा बहुतेक नवाच आहे, कुणी नाव न ठेवलेला. पण ही मादी आहे. ह्या कुळात कोण कोणापासून वेगळा, हे नराचं गुप्तांग भिंगाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाही. नर आणा, मग पुढचं बघू.

रात्रीच्या जेवणाला डॉकने हे अर्लीनला समजावून सांगितलं. अर्लीनने त्याच्या ताटात वाल वाढत विचारलं, की एवढ्या शिकलेल्या बायकांना दुसरं काही काम नसतं का.

पण डॉकचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. नवा किडा म्हणजे नवं नाव. पूल वाहून जातो, मैदानावर एक दिवस दुकानं होतात, केक तर संध्याकाळपर्यंत संपतो. पण किड्याला एकदा नाव दिलं की ते जगबुडीपर्यंत. जगातल्या सगळ्या पुस्तकांत, सगळ्या भाषांत, ट्रिव्हेट म्हटलं की कुणाला कवळी आठवणार नाही.

घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. त्या धंद्यातला रिवाज असा, की किड्याला आपलंच नाव आपण ठेवायचं नाही. लाज वाटायला हवी म्हणून असेल. नाव दुसऱ्याने ठेवायचं, आणि ज्याचं ठेवलं त्याने 'अरेरे, कशाला उगाच' असा चेहरा करायचा. म्हणजे नाव बाईंनी ठेवायला हवं, आणि तेही डॉकने न सुचवता बाईंना आपोआप सुचायला हवं. तेव्हा डॉकने न सुचवायला सुरुवात केली. बाईंना त्याने सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या पाठवल्या. ज्वारीच्या गोड काकवीचा डबा पाठवला. धुरावर वर्षभर टांगलेलं अख्खं हॅम पाठवलं. बाई मांस खात नव्हत्या, ते म्युझियमच्या पहारेकऱ्याने खाल्लं आणि डॉकला आभाराचा फोनही त्यानेच केला. डॉक बोलता बोलता बाईंना सांगायचा, की आमचं आडनाव लॅटिनमध्ये फार गोड वाजतं म्हणे. बाई म्हणायच्या, हो का, आणि मग नराचं काय झालं?

नर मिळत नव्हता. डॉकने भिंतीबाहेरचं रान पालथं घातलं, मिळाल्या त्या गोगलगाई. मग त्याच्या लक्षात आलं, की गोगलगाई भिंतीबाहेर थोड्या आणि भिंतीच्या आत चिक्कार आहेत. त्यांना कवचासाठी चुना लागतो, आणि कबरींचे जुने दगड चुन्याचेच. जिथे गोगलगाय तिथे भुंगेरा. म्हणजे सापळे लावायचे ते कबरींवरच.

आता आमच्याकडे कबरीला फावडं लावणं म्हणजे काय, हे डॉकला माहीत नव्हतं असं नाही. एका माणसाने एकदा आपला लाडका कुत्रा आजीच्या कबरीशेजारी पुरला, तर लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि शेवटी तो नॉक्सव्हिलला जाऊन राहिला. बाईंनीही फोनवर बजावलं होतं, की जागा ज्यांची त्यांना विचारल्याशिवाय सापळा लावायचा नाही. डॉक म्हणाला, बाई, तुम्ही काळजी सोडा, चर्च माझ्या खिशात आहे, आणि सापळे भिंतीपलीकडच्या रानात आहेत. ह्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं.

सापळा म्हणजे फार मोठी करामत नसते. डबा जमिनीत पुरायचा, तोंड अगदी जमिनीच्या बरोबरीला. तळाशी थोडं व्हिनेगर. चालता चालता किडा आत पडतो, आणि बाहेर येत नाही. अर्लीनने बियांसाठी तळघरात कॉफीचे रिकामे पत्र्याचे डबे जमवून ठेवले होते, ते डॉकने न विचारता उचलले. एका भल्या सकाळी, धुकं होतं तेवढ्यात, त्याने ते कबरीकबरीला पुरले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काम नीट केलं. दाढ कोरावी तसा प्रत्येक खड्डा गोल, प्रत्येक दगडाच्या उजव्या हाताला, बरोबर एकाच अंतरावर. काठाभोवती हिरवळ पुन्हा दाबून बसवली. बर्लच्या दगडापाशी एक लावला, तेव्हा त्याला मनातून बरंही वाटलं. शेवटी एक डबा उरला, तो बर्लच्या पायथ्याशी मोकळ्या जागेत पुरून टाकला. रविवारी बाई येणार, त्यांच्यादेखत भुंगेरे निघणार, आणि रिवाजाप्रमाणे आपण 'अरेरे, कशाला उगाच' म्हणणार, असा त्याचा बेत होता.

त्या आठवड्यात अर्लीनने त्याला नाश्त्याला, जेवणाला आणि एकदा न्हाणीघराच्या दाराबाहेरूनही सांगितलं होतं, की ह्या रविवारी बर्लच्या कबरीची सजावट आहे. सजावटीचा रविवार म्हणजे आमच्याकडचा मोठा दिवस, पण तो कुठला हे दर वर्षी चर्च नव्याने ठरवतं. सगळी घराणी आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतात, फुलं वाहतात, गाणी म्हणतात, आणि तिथेच झाडांखाली लांबलचक टेबलं मांडून जेवतात. अर्लीनचं ते वाक्य 'बर्ल' ह्या शब्दापाशी पोचलं, आणि डॉकचे कान नेहमीप्रमाणे बंद झाले.

रविवारी अर्लीन सकाळीच चर्चच्या बायकांबरोबर निघून गेली, आणि बाईंना पिकअपमध्ये बसवून डॉक डोंगर चढला. वळण संपलं आणि त्याला दिसलं, की रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्याच गाड्या आहेत. अख्खं खोरं कबरस्तानात होतं. मुलं पळत होती, बाया टेबलांवर चादरी टाकत होत्या, गायकांनी सूर लावला होता. आणि प्रत्येक कबरीपाशी, दगडाच्या उजव्या हाताला, बरोबर एकाच अंतरावर, जमिनीतून फुलांचा गुच्छ उगवला होता. लिली, गुलाब, निळी डेझी.

डॉकचे पाय पिकअपच्या पायरीवरच राहिले. नॉक्सव्हिलला भाडं काय असेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

"काय सुंदर," बाई म्हणाल्या. "आणि आपले सापळे कुठेत?"

डॉक म्हणाला, ते अस्वलाने उपटून नेले. बाईंना अस्वलाचंच वाईट वाटलं. व्हिनेगर त्याच्या पोटाला बाधलं तर नसेल ना, असं त्या विचारत होत्या तोवर मोझेल हॉर्टन त्यांच्याकडे चालत आली. मोझेल म्हणजे कबरस्तान कमिटीची प्रमुख. ती चालत आली की पास्टरसुद्धा शर्ट खोचतात. डॉकने दोन्ही हात वर करायची तयारी ठेवली.

मोझेलने त्याचे ते हात हातात घेतले. "डॉक, हे डबे तुम्ही लावले ना? रॉस्कोने तुम्हाला फावडं घेऊन जाताना पाहिलं."

डॉकने डोळे मिटून मान हलवली.

"वीस वर्षं मी कमिटीला सांगतेय, की कबरींना फुलदाण्या हव्यात, फुलं वाऱ्याने उडून खालच्या गोठ्यात जातात," मोझेल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "कुणी केलं नाही. आणि तुम्ही मुकाट्याने, कुणाला न सांगता... आणि फुलं टिकावीत म्हणून तळाशी व्हिनेगरसुद्धा घातलंत. इतका विचार तर बायकासुद्धा करत नाहीत."

आजूबाजूला गर्दी जमली. ज्यांच्या कवळ्या डॉकने बसवल्या होत्या तेही त्याच्याकडे बघून हसले, आणि हसताना त्यांनी सवयीने तोंडापुढे हात धरला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. चाळीस वर्षांत त्याच्या पाठीवर पहिली थाप. डॉकला कळलं, की आपण वाचलो. इथे तो गप्प बसला असता, बटाट्याचं सॅलड खाऊन घरी गेला असता, तर गोष्ट चांगली संपली असती. पण डॉक होता तो.

पास्टर ड्युईंनी त्याला माइकपाशी नेलं, की दोन शब्द बोला. सगळे त्याच्याकडे बघत होते. बाई पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर हात जोडून बसल्या होत्या. टेबलामागे अर्लीन हातात डाव घेऊन उभी होती. ती डब्यांकडे बघत होती. ते डबे कुठले आणि त्यात बिया का नाहीत, हे तिला एका नजरेत कळलं होतं.

डॉकने घसा खाकरला. फुलदाण्यांचं कारण काय सांगावं, हे त्याला सुचेना. नजर फिरवता फिरवता ती बर्लच्या दगडावर पडली, आणि तोंडातून निघून गेलं, की हे सगळं बर्लच्या आठवणीसाठी.

गर्दीतून एक लांब उसासा निघाला. डॉकला तो फार गोड लागला. मग त्याला थांबवेना. तो म्हणाला, की बर्लची जागा घेणं सोपं नव्हतं. मी रोज त्याच्या पुलावरून जातो तेव्हा टोपी काढतो. हे ऐकून रॉस्कोने भुवया वर केल्या, कारण त्या पुलावर डॉक फक्त थुंकतो, हे त्याने पाहिलं होतं. बायका डोळे पुसायला लागल्या. मागच्या रांगेतला एक म्हातारा जोरात 'आमेन' म्हणाला, त्याची ट्रिव्हेट गवतात पडली, ती कुणीही न हसता उचलून दिली. स्वतःचं बोलणं ऐकून डॉकनेही डोळे पुसले.

"माझं काय," तो माइकमध्ये म्हणाला, "माझं नाव राहिलं काय, न राहिलं काय. नाव राहावं तर बर्लचं राहावं."

टाळ्यांनी डोंगर दुमदुमला. अर्लीनने डाव पातेल्यात ठेवला.

जेवणं झाल्यावर अर्लीन बर्लच्या कबरीवरची लिली नीट करायला गेली. बाई कौतुकाने तिच्यासोबत गेल्या, आणि बाई गेल्या म्हणून डॉकही गेला. लिली उचलली तर डब्यात व्हिनेगरवर एक जांभळट काळा किडा तरंगत होता. लांबुडकं डोकं, पाठीवर रेघा. बाई गुडघ्यांवर बसल्या. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून त्यांनी तो तळहातावर घेतला. ह्या कुळात नराच्या पुढच्या पायांची पावलं रुंद असतात, आणि खालून केसाळ. बाईंनी पावलं पाहिली आणि त्या रडायलाच लागल्या.

"नर आहे," त्या म्हणाल्या. "फुलदाणीत. केवढा योगायोग."

डॉकही म्हणाला, केवढा योगायोग. बाकी सगळं, कबरी, डबे, नॉक्सव्हिल, त्याला दिसेनासं झालं. नर मिळाला. त्याने 'अरेरे, कशाला उगाच'साठी चेहरा तयार केला.

बाई उठल्या. भोवती पुन्हा लोक जमले होते. बाईंनी तळहात पुढे धरून सगळ्यांना सांगितलं, की जगात कुणालाही माहीत नसलेला हा जीव फक्त ह्याच डोंगरावर आहे. मग त्या डॉककडे वळल्या.

"डॉक्टर ट्रिव्हेट, मी नाव मनाशी ठरवूनच आले होते," त्या म्हणाल्या. "तुमचंच. तुम्हाला मोठा धक्का देणार होते."

"अरेरे," डॉक म्हणाला, "कशाला उगाच."

"हेच. तुमचा हाच स्वभाव मला आज कळला. तुम्हाला खरं काय हवंय ते तुम्ही मघाशी सगळ्यांसमोर सांगितलंत, आणि किडासुद्धा त्यांच्याच कबरीवर निघाला. मी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. ह्याला बर्ल स्टिल्टनर ह्यांचं नाव देणार."

मग गायकांपैकी कुणीतरी सूर लावला आणि बाकीच्यांनी उचलून धरला, बर्लचं आवडतं गाणं, खर्जातलं. गाण्याच्या वर आवाज चढवत डॉक बाईंच्या कानाशी सांगायला लागला, की तसं नव्हे, म्हणजे भावना ठीक आहे, पण तुमच्या धंद्यातला रिवाज बघता ज्याने शोधलं त्याचं... बाईंनी त्याचा हात थोपटला. मोझेल शेजारच्या बाईला म्हणाली, बघ कसा लाजतोय. डॉकला म्हणता आलं असतं, की ही फुलदाणी नाही, सापळा आहे, तो मी लावला, आणि किडा माझा आहे. त्याने भोवतालच्या सगळ्या घराण्यांकडे पाहिलं, त्यांच्या कबरींकडे पाहिलं, कोपऱ्यात टेकवलेल्या फावड्यांकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, की बर्लला फार आनंद झाला असता.

अर्लीनने त्याच्यापुढे ताटली धरली. "होबार्ट, केक घे," ती म्हणाली. केक कुठला ते तिने सांगितलं नाही. त्याने खाल्ला. चांगला झाला होता.

बाईंना त्यांच्या गाडीपाशी सोडून डॉक आणि अर्लीन घराकडे निघाले. पुलावर डॉकने टोपी काढली नाही.

"बर्लला किडे अजिबात आवडायचे नाहीत," अर्लीन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दिसला की बूट हाणायचा त्याच्यावर." मग ती म्हणाली, "आणि माझे डबे परत आण."

डबे काही परत आले नाहीत. त्यांना हात लावला तर मोझेलने त्याचा हात तोडला असता. उलट कमिटीने ठरवलं, की फुलदाण्यांत व्हिनेगर घालायचं काम डॉककडेच राहू द्यावं, कारण प्रमाण त्यालाच कळतं. दर शनिवारी तो बाटली घेऊन कबरीकबरीला वाकायचा, आणि येणारे-जाणारे त्याच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगायचे, की माणसाने असं असावं. बर्लच्या फुलदाणीत आणखी काही नर सापडले. ते त्याने बाईंना पाठवले, आणि प्रत्येकाला 'बर्ल स्टिल्टनरची कबर' अशी ठिकाणाची चिठ्ठी त्याला स्वतःच्याच हाताने लिहावी लागली.

पानगळीच्या सुमाराला बाईंचा लेख छापून आला. त्यात बर्लच्या चांगुलपणावर एक परिच्छेद होता. डॉकबद्दलही एक ओळ होती. नमुना गोळा करण्यास मदत केल्याबद्दल दातांच्या एका स्थानिक डॉक्टरांचे आभार. मोझेलने ते पान चौकटीत घालून चर्चच्या दारात लावलं, आणि रॉस्कोने दुकानात त्या किड्याचं चित्र टांगलं. गिऱ्हाईक आलं की तो सांगायचा, हा आपला बर्ल. एकदा डॉकच्या डोळ्यात थुंकला होता.

पुढच्याच रविवारी प्रार्थनेनंतर पास्टर ड्युईंनी जाहीर केलं, की डॉकच्या निरपेक्ष सेवेसाठी कमिटी त्यांना कबरस्तानात कायमची जागा देत आहे. बर्लच्या दगडावर बर्लशेजारी अर्लीनचं नाव आधीपासूनच कोरलेलं होतं, नुसती शेवटची तारीख भरायची बाकी. तेव्हा डॉकला जागा मिळाली ती बर्लच्या पायथ्याशी. कबरस्तानात तेवढीच एक मोकळी होती.

लोकांच्या आग्रहावरून डॉक ती जागा बघायला वर गेला. पाचोळा पडला होता. पास्टरांनी त्याला मधोमध उभं राहून मोकळं ढाकळं वाटतंय का बघायला सांगितलं. डॉकने पाऊल टाकलं, आणि ते तिथे पुरलेल्या कॉफीच्या डब्यात गेलं. त्या डब्यापाशी दगड नव्हता, म्हणून त्यात कुणी फुलं घातली नव्हती.

घोटा दोन ठिकाणी मोडला. पाय बाहेर ओढला तेव्हा मोज्याला एक भुंगेरा चिकटला होता. नर होता.